जुनी गाडी घेऊन, नीट करून विकायची: खरेदीला किती द्यावे?

धुरळा_७ (प्रश्न)

जुन्या गाड्या घ्यायच्या, लागतील ती कामं करायची आणि विकायच्या, असं ठरवलंय. हत्यारं आहेत. ब्रेक, सर्व्हिस, सस्पेन्शनची किरकोळ कामं हाताने जमतात. घोडं अडतंय ते खरेदीच्या आकड्यावर. सध्या नजरेत असलेली गाडी:

पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, मॅन्युअल गियर, ९ वर्षं जुनी, १,१२,००० किमी. हेडलाइट पिवळे पडलेत. पुढचा बंपर थोड्या वेगळ्या छटेचा. पेंट मीटरवर (रंगाची जाडी मोजणारा) डावा फेंडर ३२० मायक्रॉन, बाकी सगळीकडे ११० ते १३०. एसी चालत्या गाडीत गार, गाडी उभी राहिली की गरम हवा. मालक म्हणतो, 'गॅस भरला की होईल.' आयडलला (उभ्या गाडीत इंजिन मोकळं फिरताना) हलकी थरथर आहे, पण चेक इंजिनचा दिवा नाही. पाहायला गेलो तेव्हा इंजिन आधीच तापलेलं होतं. टायरची नक्षी अडीच मिमीच्या आसपास, कडेला तारखेचा कोड १४१९.

अशा गाड्या जाहिरातीत ज्या भावाला दिसतात तो भाव १०० धरला तर मालक ७२ मागतोय. कामं १० मध्ये बसतील असा अंदाज. म्हणजे १८ सुटतात. हिशेब बरोबर आहे ना?

जुना_पाना

नाही भाऊ. १८ सुटत नाहीत, उलट अंगावर येईल.

पहिली गोष्ट, जाहिरातीतला भाव हा मागण्याचा भाव असतो. त्या भावाला गाडी विकली गेली तर जाहिरात उतरते, त्यामुळे तुम्हाला दिसतात त्यातल्या बऱ्याच न विकलेल्या गाड्या असतात. रोज यादी बघा आणि चार-पाच दिवसांत कोणत्या गायब होतात ते टिपा. खरा बाजारभाव तिथे कळतो. तूर्त तुमचा १०० धरू आणि घासाघिशीचे ४ काढू. हातात ९६.

आता खर्च. मालकी बदल, विमा, जाहिरात मिळून ४. इंधन आणि गाडी पडून राहण्याचा खर्च २. साफसफाई, पॉलिश, हेडलाइट ३. पूर्ण सर्व्हिस ४ (तेल, सगळे फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल). एसीला ६. टायर ७, कारण १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी घेणाऱ्याचा मेकॅनिक हाच कोड वाचून भाव पाडणार. झाले २६. उरले ७०. न दिसलेल्या कामांसाठी १० बाजूला. तुमचा नफा १५. म्हणजे खरेदीची कमाल मर्यादा ४५.

हा क्रम उलटा करायचा नाही. विक्रीपासून मागे येत खरेदीला पोचायचं. मालक काय मागतो हा आकडा या गणितात कुठेच येत नाही. आणि ते १० 'वाचले तर बरं' म्हणून नफ्यात मोजू नका. जुन्या गाडीत ते जातातच.

आणि दुसऱ्यांदा बघायला जाल तेव्हा इंजिन थंड पाहिजे. फोनवरच सांगून ठेवा. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा, कोमट लागलं तर मुकाट्याने परत या आणि दुसऱ्या दिवशी जा. पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर तेल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ थंडीत नेहमीचीच, पण इंजिन तापल्यावरही राहिली आणि वास गोडसर आला तर कूलंट जळतंय. टायमिंग चेन असेल तर पहिल्या दोन-तीन सेकंदांतला खडखडाटही तेव्हाच ऐकू येतो. गरम इंजिन यातलं बरंच काही लपवतं.

वायरमन_१२व्होल्ट

एसीचं लक्षण नीट वाचा: चालत्या गाडीत गार, उभ्या गाडीत गरम. गॅस खरंच कमी असता तर सहसा दोन्हीकडे कमी गार झाला असता. इथे पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर. गाडी पळताना कंडेन्सरला (एसीचा गॅस थंड करणारी पुढची जाळी) वारा लागतो, उभी राहिली की पंख्याशिवाय वारा नाही. गॅसचा दाब वाढतो आणि प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो.

तपासणी पाच मिनिटांची. इंजिन थंड असताना चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही सेकंदांत पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग त्याच आकाराची दुसरी रिले बदलून बघा, मग मोटरचा कनेक्टर काढून फ्यूज लावलेल्या वायरने थेट १२ व्होल्ट द्या. थेट दिल्यावर फिरला तर मोटर चांगली आहे आणि दोष रिले, रेझिस्टर किंवा वायरिंगमध्ये आहे. तरी नाही फिरला तर मोटर गेली. हात पात्यांपासून लांब ठेवा, पंखा न सांगता सुरू होतो.

पण पंख्याचा खर्च ही यातली छोटी बाब. प्रश्न हा की पंखा बंद असताना ही गाडी गर्दीत किती वेळा तापली. त्यात आयडलची थरथर जोडा. मला हे लक्षण अजिबात आवडलेलं नाही.

'दिवा नाही' यावर तर विसंबूच नका. चावी ऑन केल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, चेक इंजिन आणि एअरबॅग दोन्ही दिवे लागले पाहिजेत. इंजिन सुरू झालं की चेक इंजिन विझतो, एअरबॅगचा काही सेकंदांनी आपोआप विझतो. मुळात लागलेच नाहीत तर कोणीतरी दिवा काढलाय किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय. मग स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोडच्या आधी 'रेडिनेस मॉनिटर' (संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते) बघा. कोड पुसले की हे मॉनिटर 'अपूर्ण' होतात आणि गाडी बऱ्यापैकी वेगवेगळ्या परिस्थितीत चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. बऱ्याच गाड्यांत 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' हाही आकडा मिळतो. तो किमी मीटरइतका सहज कोणी लपवत नाही, कारण तो असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

बॅटरी मीटरने मोजा: बंद गाडीत १२.६ च्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.५ व्होल्ट. बॅटरीचं टर्मिनल ताजं सोडवल्यासारखं दिसलं तर तेही टिपून ठेवा. काही गाड्यांत टर्मिनल काढल्यानेही कोड जातात.

धुरळा_७

आज थंड इंजिनावर बघितली. पंखा फिरत नाही. रिले बदलून पाहिली, फरक नाही. थेट करंट दिल्यावरही नाही. स्कॅनरवर कोड शून्य, पण चार मॉनिटर अपूर्ण आणि पुसल्यापासूनचं अंतर ११ किमी. मालकाने परवानगी दिली म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडून कंप्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) तपासून घेतलं. १ ते ४ क्रमाने: १२.६, १२.४, ७.९, ८.२ बार. तेलाच्या टोपणाखाली पांढरी साय (तेलात पाणी मिसळल्याची खूण) नाही, कूलंटची पातळी ठीक. मेकॅनिक म्हणतो 'रिंग (पिस्टनच्या) गेल्या असतील'.

जुना_पाना

कंप्रेशन कसं घेतलं ते आधी विचारा. चारही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, अॅक्सिलरेटर तळाशी दाबलेला, बॅटरी पूर्ण चार्ज, प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा झटके. थ्रॉटल बंद ठेवून घेतलं तर सगळे आकडे खोटे खाली येतात. इंजिन कोमट असावं, कडक तापलेलं नको. अॅल्युमिनियमच्या गरम हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग) प्लग काढताना आटे निघून आले की दुसऱ्याच्या गाडीचं हेड तुमच्या गळ्यात.

पद्धत बरोबर होती असं धरलं तर तुमचे आकडे बोलके आहेत. पेट्रोल इंजिनाला १० ते १४ बार सर्वसाधारण, पण खरं बघायचं ते सिलिंडरांमधलं अंतर. १० टक्क्यांपर्यंत चालतं. तुमच्याकडे ३५ टक्क्यांहून जास्त आहे, आणि तेही शेजारच्या दोन सिलिंडरांत. रिंग झिजतात त्या सहसा कमीअधिक सगळीकडे. नेमके ३ आणि ४ एकत्र पडले की पहिला संशय त्या दोघांमधल्या हेड गॅस्केटच्या (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील) अरुंद पट्टीवर.

खात्री दोन प्रकारे होते. एक, तिसऱ्यात चमचाभर (साधारण ५ मिली) इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वर आला तर रिंग, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. दोन, जास्त खात्रीची: तिसरा पिस्टन कंप्रेशनच्या टोकावर आणा, प्लगच्या भोकातून दाबाची हवा द्या आणि चौथ्याच्या भोकाला कान लावा. तिथून हवा सुसाट आली की विषय संपला. इनटेक किंवा सायलेन्सरमधून आली तर वॉल्व्ह, तेलाच्या टोपणातून आली तर रिंग. हवा देताना गाडी न्यूट्रलमध्ये नको आणि क्रँकवर पाना अडकवून ठेवू नका, दाबाने इंजिन फिरतं.

साय नाही, कूलंट कमी नाही, याने गॅस्केट निर्दोष ठरत नाही. सिलिंडर ते सिलिंडर फाटलं तर पाणी-तेलाचा त्यात संबंधच येत नाही. उलटंही होतं: सतत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या चांगल्या गाडीतही टोपणाखाली वाफेची साय दिसते आणि लोक उगाच घाबरतात.

आता सगळं एका ओळीत लागतंय. पंख्याची मोटर गेली, गाडी तापली, गॅस्केट गेलं, गाडी मिसिंग मारू लागली, दिवा लागला, कोणीतरी कोड पुसले. आणि तुम्हाला 'गॅस भरा' सांगितलं.

काम काय? हेड उतरवा, क्रॅकसाठी प्रेशर टेस्ट. सरळ पट्टी आणि फीलर गेजने वाक तपासा; पुष्कळ इंजिनांना ०.०५ मिमीच्या पुढे चालत नाही, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. वाकलं असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं), पण किती मिमी काढता येतं त्यालाही मर्यादा असते. बोल्ट ताणून बसणारे असतील तर नवेच. ब्लॉकमधली बोल्टची भोकं तेल-पाण्यापासून पूर्ण कोरडी करा. आत द्रव राहिला तर बोल्ट आवळताना ब्लॉकच तडकतो. घट्ट करण्याचा क्रम मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, शेवटी अंशात. बेल्टची गाडी असेल तर टायमिंग किट, टेन्शनर आणि वॉटर पंप याच वेळी, कारण मजुरी एकदाच पडते. तेल, फिल्टर, कूलंट नवं. आणि पंखा! तो राहिला तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

माझ्या हिशेबात हे १४. एसीच्या ६ मध्ये पंखा बसतो, ते तसेच ठेवा. पण हेड उघडल्यावर ब्लॉकचा माथाच वाकलेला निघाला तर इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणून बाजूला ठेवायचे १० चे १२ करा. ४५ वजा १४ वजा २, म्हणजे २९.

धुरळा_७

मालक ६० पर्यंत आला. 'लगेच रोख दिलेत तर ५५' म्हणतो. फेंडरचं काय समजायचं?

लांबी_पुट्टी

फेंडर हा या गाडीतला सगळ्यात लहान प्रश्न आहे. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. २५० ते ३५० म्हणजे वरून पुन्हा रंगवलाय, लांबी (पोचा भरायची पुट्टी) नाही किंवा नावाला. ५०० च्या पुढे लांबी भरलेली समजा, १००० च्या पुढे जाड थर. फेंडर बोल्टवर असतो, बदलला तरी गाडीचा सांगाडा तोच राहतो. बघायचं ते आत: बॉनेट उघडून एप्रन (फेंडरच्या आतला पत्रा), रेडिएटर सपोर्ट, पुढच्या रेल्स (सांगाड्याचे पुढचे दांडे). कंपनीचे स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर गोल खळग्यांसारखे दिसतात. ते एका बाजूला आहेत आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत सीलंट थापलाय, तर टक्कर आतपर्यंत पोचलीय. अशी गाडी या धंद्यात नकोच, कितीही स्वस्त असो. बोल्टच्या डोक्यावरचा रंग सोललाय का तेही बघा.

बंपर प्लास्टिकचा, तिथे साधा मीटर चालत नाही. मेटॅलिक रंगात बंपर आणि पत्र्याची छटा कंपनीतूनच जराशी वेगळी येते, त्यामुळे तेवढ्यावरून अपघात ठरवू नका.

पुढच्या गाडीसाठी सांगतो: या धंद्यात पूर्ण रंगकाम सहसा परवडत नाही. पूर्ण रंगवलेली जुनी गाडी बघून गिऱ्हाईक 'काय लपवलंय' हाच विचार करतं. परवडतं ते असं. रंग न फुटलेला पोचा आतून दाबून काढणं (पण घडीवर किंवा पॅनेलच्या कडेला आलेला पोचा पूर्ण निघत नाही). धुऊन, क्ले फिरवून, मग कंपाउंड आणि फिनिशिंग पॉलिश. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो, दर वेळी कंपाउंडने त्यातले थोडे जातात, म्हणून कडांवर मशीन धरून बसू नका. क्लिअर सोलून पापुद्रे निघालेत तिथे पॉलिशचा उपयोग शून्य.

हेडलाइट मात्र नक्की करा. कमी खर्चात गाडीचा चेहरा याने जितका बदलतो तितका दुसऱ्या कशानेही नाही. कडेने मास्किंग टेप, मग पाण्याने ८००, १५००, २०००, ३००० चे कागद. दर टप्प्यावर आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. सुरुवातीला पिवळं पाणी निघतं, ते दुधाळ झालं की जुना थर गेला. शेवटी अल्कोहोलने पुसून टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळायचा पारदर्शक रंग) दोन पातळ हात. हा शेवटचा टप्पा गाळून नुसतं पॉलिश केलं तर यूव्ही संरक्षणच उरत नाही, काही महिन्यांत परत पिवळं आणि विकत घेणाऱ्याचा फोन. टू-के मध्ये आयसोसायनेट (श्वासाला घातक रसायन) असतं. साधा कापडी मास्क चालत नाही. आतून धुरकट झालेला दिवा बाहेरून घासून सुधारत नाही.

वासाचंही असंच. अत्तराच्या डबीने भागत नाही. कार्पेट उचलून खालचा फोम हाताने दाबा. ओला असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा: वायपरखालची गाळण पानांनी तुंबलेली, दाराच्या आतलं प्लास्टिक सुटलेलं, एसीची ड्रेन नळी, किंवा सनरूफच्या नळ्या. त्या नळ्यांत कंप्रेसरची जोरदार हवा मारू नका, आतल्या जोडावरून निसटतात आणि मग छत उतरवणं आलं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायलाही विसरू नका. गाडी पुरात बुडालेली असेल तर बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ आणि सीटच्या स्प्रिंगला गंज मिळतो. गाडी धुणारे तिथवर पोचत नाहीत.

कागद_आधी

५५ रोख म्हटल्यावर घाई होते, म्हणून मध्ये बोलतो. पैसे देण्याआधी चासीवर कोरलेला नंबर, डॅशबोर्डवरची पट्टी आणि कागद, तिन्ही अक्षरन् अक्षर जुळवा. नंबर १७ अक्षरांचा असेल तर त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. दिसली तर गडबड आहे. कोरलेल्या भागाभोवती ताजा रंग किंवा घासल्याच्या खुणा असतील तर तिथेच थांबा. कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र कर्ज देणाऱ्याकडून, मालकाच्या तोंडून नव्हे. विकणारा आणि कागदावरचा मालक एकच हवा.

चासी नंबरवरून रिकॉलही (दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावणं) तपासा. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचा (एअरबॅग फुगवणारा भाग) रिकॉल अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्यांना लागू झाला. त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने खराब होतं, मग एअरबॅग उघडताना इन्फ्लेटर फुटू शकतो आणि धातूचे तुकडे उडतात. रिकॉलचं काम अधिकृत ठिकाणी सहसा फुकट होतं, आणि झाल्याचा कागद विकताना उपयोगी पडतो.

वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त गाड्या विकल्या की अनेक ठिकाणी व्यापारी परवाना लागतो, कर वेगळा लागतो. दुसरी गाडी घेण्याआधी आपल्या इथला नियम वाचा. आणि गाडी आपल्या नावावर न करता परस्पर पुढे विकण्याची 'युक्ती' कोणी सुचवेल. करू नका. मधल्या काळात अपघात झाला तर गाडी कोणाची, यावर विमा कंपनी हात वर करते.

जुना_पाना

५५ ला नको. २९ आणि ५५ मध्ये जो फरक आहे तो घासाघिशीने भरून निघणारा नाही. आकडे दाखवून २९ सांगा, नंबर देऊन ठेवा आणि निघा. महिनाभराने फोन आला तर आला.

आणि जी गाडी दुरुस्त करून विकाल, तिथे कोड पुसल्यावर स्वतः चालवून मॉनिटर पूर्ण होऊ द्या. थंड इंजिनापासून सुरू केलेल्या काही फेऱ्या, गावातल्या आणि महामार्गावरच्या. घेणाराही आता स्कॅनर घेऊन येतो. जाहिरातीत झालेली कामं पार्टच्या बिलांसकट लिहा आणि राहिलेले दोषही लिहा. फेंडर रंगवलाय हे तुम्ही सांगितलंत तर ती माहिती ठरते. त्याच्या मीटरने सांगितलं तर तो भाव पाडतो.

धुरळा_७

मान्य, सोडली. दुसरी एक डिझेल आहे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) वाली, मालक रोज पाच किमीच चालवतो. तिथे काय वेगळं?

वायरमन_१२व्होल्ट

आधी डिपस्टिक काढा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल तर डीपीएफची सफाई (साठलेली काजळी आपोआप जाळणं) अर्धवट राहून डिझेल तेलात उतरतंय. पाच किमीच्या फेऱ्यांत ती पूर्ण होतच नाही. पातळ झालेल्या तेलावर टर्बोची बेअरिंग आधी मार खातात. स्कॅनरवर काजळीचा भार आणि शेवटच्या पूर्ण सफाईनंतरचं अंतर बघा. मग अर्धा-पाऊण तास महामार्गावर चालवून काजळीचा भार खाली येतोय का तपासा. येत असेल तर तेल-फिल्टर बदलून भागू शकतं. येत नसेल तर डीपीएफची किंमत आधी विचारून घ्या, मग मालकाशी बोला. आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा: डीपीएफ धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळं कुट्ट निघालं तर आतली जाळी फुटलीय किंवा कोणीतरी काढूनच टाकलीय.